बाईंची जीप किती चालली

दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात असतात आणि नागपुरात आमच्या धरमपेठेत हातगाड्यांवर संत्री येऊन बसतात. सुरुवातीची हिरवट, आंबट, खाणाऱ्याचं तोंड वाकडं करणारी. मग दर आठवड्याला रंग चढत जातो. मी गेली पन्नास वर्षं संत्र्यांचा हा थंडीतला हंगाम, आंबिया बहार, बघते आहे, खरं म्हणजे नाकानं बघते आहे. साल सोलताना जो बारीक फवारा डोळ्यात उडतो, त्याच्याइतका चावरा आणि चांगला वास दुसऱ्या कुठल्या फळाला नाही. हे मी माहेरच्या माणसांपुढे बोलत नाही. माहेर नाशिककडचं, द्राक्षांचं. उगाच कशाला भांडणं लावा.

यंदा त्या वासात पेट्रोलचा वास मिसळला. माझे थोरले दीर बापूभाऊजी, त्यांचा नातू अथर्व कुठूनशी एक जुनी जीप घेऊन आला आणि तिला त्यानं मोठ्ठाली चाकं बसवली. चाकं इतकी मोठी की मला आत चढायला स्टूल लागतं. आठवडाभर तो तिच्याभोवती नवरदेवासारखा मिरवला आणि मग तोंड पाडून माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, चाकं बदलल्यापासून ॲव्हरेज पार पडलं गं. नुसती पिते."

मी संत्रं सोलत होते. अंगणात जीप उभी, हातात साल, आणि दोन्ही वास एकदम नाकात शिरले. त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी तिथं नव्हतेच. मी काटोल रस्त्यावर होते, मांडीवर पितळी ताटली घेऊन, आणि शेजारी बाई गाडी चालवत होत्या.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात, काटोलकडच्या आमच्या संत्र्यांच्या बगीच्यात, बाजारात सगळेच त्यांना बाई म्हणत, पोटची मुलंसुद्धा. लग्न होऊन मी पहिल्यांदा नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा हे म्हणाले होते, घ्यायला गाडी येणार आहे. मला वाटलं टांगा असेल, फार तर टॅक्सी. बाहेर एक उघडी, मातीनं माखलेली जीप उभी होती. चाकाजवळ एक उंच, काळीसावळी, नऊवारीतली बाई पदर खोचून उभी होती आणि पायानं एक टायर दाबून बघत होती. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला उठवलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बस वं पोरी. पदर आवर, नाही त चाकात जाईन." सासूचे सुनेला पहिले शब्द. पुढच्या सगळ्या संसारात याहून उपयोगी सल्ला मला कोणी दिला नाही.

ती जीप मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्या गाडीलाच पाहिलं. कामठीला फौजेच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ती घेतली. पहिल्याच हंगामात ती बगीच्याच्या वाटेवर रुतली. डांबरी रस्ता सोडला की पुढची सगळी काळी माती. ओलिताचं पाणी वाटेवर आलं की ती माती माणसाची चप्पल ठेवून घेते, गाडीचं तर विचारूच नका. दोन बैलजोड्या लावून जीप बाहेर काढली. बाई सांगत, बैलांनी त्या दिवशी मामाजींकडे जे पाहिलं ते मामाजी मरेपर्यंत विसरले नाहीत. मग त्यांनी कुठल्या तरी मोठ्या फौजी गाडीची चाकं मिळवून जीपला चढवली. लहान चाकं काढून घरामागे टाकली. त्यातलं एक कडुनिंबाला झोपाळा म्हणून टांगलं आणि एकात बाईंनी झेंडू लावला. मोठ्या चाकांवर जीप दिसायची मात्र मजेदार, मोठ्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखी. पण पुन्हा ती कधी रुतली नाही.

मामाजी गेले. ड्रायव्हरला दुसरीकडे बरी नोकरी लागली, तोही गेला. घरातल्यांनी ठरवलं की आता जीप उभीच राहणार. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होत्या. त्या बसनं बगीच्यात गेल्या, ड्रायव्हर जायच्या आधीच त्याला सांगून त्यांनी जीप तिकडे नेऊन ठेवली होती, आणि कापणी झालेल्या रिकाम्या वावरात त्या ती एकट्याच फिरवत बसल्या. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी संध्याकाळी त्या जीप घेऊन धरमपेठेच्या घराच्या फाटकात आल्या आणि हॉर्न वाजवला. फाटक उघडायला बापूभाऊजी आले. गाडीत ड्रायव्हर दिसेना म्हणून ते इकडे तिकडे शोधत होते म्हणे. ही गोष्ट बाई इतक्या वेळा आणि इतक्या आवडीनं सांगत, की मला ती मी डोळ्यांनी पाहिल्यासारखीच वाटते.

आता अथर्वची बायकोसुद्धा गाडी चालवते, त्यात कोणाला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं. काटोल रस्त्यानं आम्ही जाऊ लागलो की बैलगाडीवाले गाडी बाजूला घेऊन उभे राहत. रस्ता द्यायला नव्हे, बघायला. बाई कोणाकडे बघत नसत. वहाणा काढून त्या आसनाखाली ठेवत आणि अनवाणी पायानं गाडी चालवत. पायाच्या तळव्याला सगळं समजते म्हणत.

माझ्या लग्नानंतरचा तो दुसरा आंबिया. पेट्रोल एकाएकी महाग झालं. अरबांनी काय केलं, सरकारनं काय केलं, याच्या चर्चा ओट्याओट्यावर झडू लागल्या. लोकांनी माळ्यावरच्या सायकली उतरवल्या. ज्यांच्या स्कूटरी होत्या त्यांनी त्या पुसून पुसून झाकून ठेवल्या. आमचे हे पायी ऑफिसला जाऊ लागले आणि पायी जाणं तब्येतीला कसं चांगलं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर बापूभाऊजींनी जीपचा विषय काढला.

बापूभाऊजी सरकारी कचेरीत हिशेब तपासायचे. पोटापाण्यासाठी जे करायचे तेच त्यांचा स्वभाव झालं होतं. दूधवाल्याचं माप, रेल्वेचं वेळापत्रक, पंचांगातली तिथी, सगळं ते एकदा तपासून घेत. माणूस मनानं फार चांगला. पण 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. चार वाजता येतो म्हणणाऱ्याला ते विचारत, चारला की चारच्या सुमाराला?

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मीटरवर जे मैल पडतात त्यांचे किलोमीटर केले तर ही गाडी लिटरला सहासुद्धा देत नाही. या भावाचं पेट्रोल जाळून रोज बगीच्यात जाणं म्हणजे संत्री विकून संत्री विकत घेणं आहे. गाडी विकून टाकावी आणि बगीचा ठेक्यानं द्यावा. ठेकेदार झाडावरच माल घेईल, तोडून नेईल, आपल्याला डोक्याला ताप नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले की बाईचंही वय होत चाललं, एकटी त्या रस्त्यानं जाते, कचेरीत त्यांचं लक्ष लागत नाही. ते खरं होतं. पेट्रोल निमित्त होतं, अर्धी तरी काळजीच होती. आईची काळजी हिशेबात मांडण्याखेरीज त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती.

बाई सगळं ऐकून उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या झेंडूच्या टायरजवळ बसून वाळकी फुलं खुडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठेकेदार झाड नाही पाहत वं, माल पाहते. फांद्या मोडून नेते. अन् मी कुठं जाऊ? गाडी गेली त मी दिवसभर कुठं जाऊ, सांग. देवळात?"

त्या दिवशी मला समजलं की ही जीप गेली तर त्या घरातून नुसती गाडी जाणार नाही. ज्या बाईला मी स्टेशनबाहेर टायर दाबताना पाहिलं, ती बाईच जाणार आणि तिच्या जागी एक म्हातारी सासू येऊन बसणार. मला तशी सासू नको होती. मला हीच हवी होती.

बाईंनी अट घालून घेतली. बहार संपेपर्यंत वेळ द्या. गाडीनं लिटरला आठ दिले तर जीप राहील, बगीचा राहील. नाही दिले तर गाडीची किल्ली बापूभाऊजींच्या हाती. भाऊजींनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, सहाचे आठ होतात थोडेच.

मग सुरू झाला आमचा पेट्रोल वाचवायचा हंगाम. इतरांच्या आठवणीत तो बहार महागाईचा असेल, माझ्या आठवणीत मात्र तो लग्नानंतरचा सगळ्यात सुखाचा आहे.

सगळ्यात आधी सदर भागातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, कार्बोरेटर साफ केला, प्लग घासले, आणि सांगितलं की लहान चाकं परत लावा, फरक पडेल. बाई म्हणाल्या, लहान चाकं लावून चिखलात बैल कोण लावणार, तू? तो हसला. "बाईसाहब, ये गाड़ी थोड़ी है, हाथी है. हाथी तो खाएगा." बाई म्हणाल्या, हत्ती असू दे, माहूत बरा असला की पुरे. घरी येऊन त्यांनी मला सपाट अंगणात जीप ढकलायला लावली. माझ्यानं हलेना. त्यांनी चाकाच्या आतल्या पत्र्याला हात लावून बघितला, एका बाजूचा गरम होता. ब्रेक सुटत नव्हता, गाडी बिचारी इतके दिवस पाय ओढत चालत होती. तो ब्रेक नीट झाल्यावर मी एका हातानं जीप सरकवली. मला इतका आनंद झाला की मी ती उगाच तुळशीपर्यंत ढकलत नेली आणि मग परत आणता येईना.

गाडीतलं जड सामान काढलं. मामाजींनी जमवलेल्या साखळ्या, पहारी, लोखंडी आकडे, असं बरंच काही. माणूस गेला तरी त्याचं ओझं गाडी वाहत होती. पहार काढताना बाई थोडा वेळ ती हातात धरून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, ठेव कोपऱ्यात. फडफडणारं ताडपत्रीचं छत काढलं. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा चिखल संपला तरी तसाच ओढलेला राहायचा. तो पक्क्या रस्त्यावर आठवणीनं सोडायचा, असं ठरलं, आणि ती आठवण करणं माझ्याकडे आलं.

आणि हवा! मोठी चाकं चिखलात चालायची तर हवा कमी हवी, डांबरावर पळायची तर जास्त. इतकी वर्षं गाडी कमी हवेवरच सगळीकडे फिरत होती, मऊ चाकांवर रस्ता जड जात होता. आता आम्ही डांबर संपलं की हवा सोडायचो आणि परत येताना रस्त्याच्या कडेला थांबून हातपंपानं भरायचो. सकाळची थंडी, धुक्यातून काटोलची बस यायची, आणि खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर यायची, कारण एक नऊवारीतली आणि एक पाचवारीतली अशा दोन बायका पदर खोचून आळीपाळीनं पंप मारताहेत, हे दृश्य त्यांना पुन्हा कुठे दिसणार होतं? मला पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्यानं मी बसकडे पाहून हात हलवू लागले. बाई म्हणायच्या, लोकाइचं काय पाहतं, टायर पाहा.

पण खरी गंमत ताटलीची. ती बाईंच्या डोक्यातून निघाली. एकदा बगीच्यातून परत येताना मी देवासाठी काढलेलं चांगलंसं संत्रं ताटलीत घेऊन बसले होते. बाईंनी कशाला तरी ब्रेक मारला आणि संत्रं उडून बाहेर गेलं. त्या थांबल्या, उतरल्या, संत्रं शोधून आणलं, पदराला पुसलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "संत्रं सांडलं तवा पेट्रोलबी सांडलंच असंन. आतापासून ताटली धरतच जाय."

नागपुरी संत्रं बुडाशी चपटं असतं. ताटलीत ते बसतं, पण बेतानंच. गाडीला दणका दिला की मागे लोळतं, ब्रेक दाबला की पुढे. कुठल्याही बाजूनं काठाला लागलं की मी म्हणायचं, "लागलं." एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी धरमपेठेतून काटोल नाक्यापर्यंत माझं तोंड मिटलं नाही. बाई दात ओठ खात होत्या. पण हळूहळू त्यांचा अनवाणी पाय पेडलवर असा टेकू लागला, जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा. समोर चढ दिसला की त्या आधीच गाडीला थोडी गती देत. लांब कुठे गुरं दिसली की ब्रेक न दाबता पाय सैल सोडत आणि गाडी आपोआप मंदावत जाई, गुरं रस्ता ओलांडून जात, आणि आम्ही न थांबता पुढे. मला कळायचंसुद्धा नाही की आपण थांबणार होतो. पुढचा रस्ता इतका आधी बघायचा, की थांबायची वेळच येऊ नये. हे त्यांना आपोआप जमू लागलं. मी पुढे आयुष्यात तसं बघायचा खूप प्रयत्न केला. माझं संत्रं आपलं काठाला लागतच राहिलं.

बगीच्यात पोचलो की दिवस कसा जायचा कळत नसे. शिड्या लावलेल्या, बायका पिशव्या गळ्यात अडकवून फळं कात्रीनं तोडत असत, ओढून नाही, देठ राहिलं पाहिजे. तणसावर, वाळल्या पेंढ्यावर, संत्र्यांचे ढीग. बाई प्रत्येक झाडाखाली एकदा उभ्या राहत, वर बघत, पुढे जात. दुपारी भाकर, ठेचा आणि वांग्याचं भरीत. माझ्या बोटांना संत्र्याच्या तेलाचा पिवळा रंग चढला होता, तो कशानंच जात नव्हता, आणि तो जाऊ नये असंच मला वाटत होतं. ह्यांनी एकदा विचारलं, काय गं, तुला सासुरवास वगैरे काही आहे की नाही? मी म्हटलं, आहे ना, रोज ताटली धरावी लागते.

बहार उतरला. झाडं हलकी झाली. परीक्षेचा दिवस आला.

बापूभाऊजींनी पद्धत ठरवून दिली होती. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, बगीच्यात जाऊन यायचं, पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरायची, आणि मीटरवर पडलेल्या मैलांचे किलोमीटर करून भागाकार. ते स्वतः सोबत आले, पुढच्या आसनावर बसले. मी मागे. आता ताटलीचा प्रश्न आला. आमच्याकडे भावजयीनं थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती, हातात काही देणं तर दूरच. मी ताटली त्यांच्या शेजारी ठेवली आणि हवेत बघून म्हटलं, आज ताटली पुढच्यांनी धरावी लागेल. भाऊजींनी रस्त्याकडे बघत ती उचलली. आणि मग माझ्या त्या गंभीर, काटेकोर दिरांनी कचेरीच्या कोटावर ताटली घेऊन, तीतल्या संत्र्यावर डोळे लावून, सगळा प्रवास केला. जाताना एकदाच "लागलं" म्हणाले. येताना एकदाही नाही. मधून मधून त्यांची नजर संत्र्यावरून उठून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर जाई आणि मीटरवर येई. त्यांना सवयच होती, जे दिसेल ते वाचायची.

पंपावर त्यांनी मनातच भागाकार केला. पुन्हा केला. मग आईकडे न बघता म्हणाले, "पावणेसात."

घरी आल्यावर बाईंनी कमरेची किल्ली काढली, ताटलीत संत्र्याशेजारी ठेवली आणि ताटली टेबलावर ठेवून दिली. "घेऊन जाय," एवढंच म्हणाल्या. भाऊजींनी ती उचलली नाही. रात्रभर ती तिथंच राहिली. त्या रात्री बाई जेवल्या, भांडी आवरली, सगळं नेहमीसारखं. फक्त, एरवी गाडीतसुद्धा अनवाणी असणाऱ्या बाई वहाणा घालून वावरत होत्या. मला ते बघवेना.

यंदा मी अथर्वला इथपर्यंत सांगितलं आणि थांबले. तो हसला. म्हणाला, "आजी, चाक मोठं केलं की मीटर कमी दाखवतो, हे तर सगळ्यांना माहीत असतं. मी फोनवर अंतर बघूनच ॲव्हरेज काढलं. तरीपण कमीच आहे." बरोबर आहे त्याचं. आता सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा आमच्या जीपचा मीटर मैलांचा आणि रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे. मेळ बसला नाही तरी मैल-किलोमीटरच्या गोंधळात कोणाच्या लक्षात येत नसे. बगीचा घरापासून किती लांब, हे आम्हाला मीटरनंच सांगितलेलं होतं आणि आम्ही मान्य केलं होतं. अथर्वला मी म्हटलं, तू आधी चाकातली हवा बघ आणि ब्रेक चिकटतो का ते बघ, आणि आतलं सामान काढ. तो सामान काढायला गेला. मला मात्र त्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवत राहिली.

मी उठून चहा टाकला तेव्हा मागच्या अंगणात बापूभाऊजी कडुनिंबाचा झोपाळा सोडत होते. झोपले नसावेत. त्यांनी ते जुनं लहान टायर खाली उतरवलं, जीपचं जास्तीचं मोठं चाक काढून आणलं आणि दोन्ही ओढत फाटकाबाहेर गल्लीत नेली. पायजम्यावर, डोक्याला मफलर. दोन्ही टायरांवर चुन्याचं एकेक बोट ओढलं. रस्त्यावर एक रेघ मारली. दोन्ही रेघेवर उभी केली. आता दोन टायर एकट्यानं कसे धरणार? मी दारात होते. त्यांनी समोरच्या विजेच्या खांबाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "कोनी हे लहान चाक धरलं असतं त बरं झालं असतं."

खांब काही पुढे आला नाही. मी गेले. डोक्यावरचा पदर सावरत ते टायर मी सरळ ढकललं, चुन्याची खूण एक फेरी मारून पुन्हा खाली येईपर्यंत. त्यांनी मोठं ढकललं. दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला. मोठं चाक एका फेरीत माझ्या चाकाच्या चांगलं दीड वीत पुढे जाऊन थांबलं. भाऊजी ते अंतर बघत उभे राहिले. कचेरीत ज्याची चूक सापडली त्याच्याकडे ते असेच बघत असणार. पण इथं चूक त्यांचीच होती, आणि ती सापडल्यामुळे त्यांचंच म्हणणं पडणार होतं. त्यांना गप्प बसता आलं असतं. टायर झोपाळ्याला परत टांगलं असतं तर आम्हा कोणाला कधी समजलं नसतं. मी त्यांना फार मानते ते यासाठी.

ते आत आले. बाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. भाऊजी उभ्यानंच बोलू लागले. "बाई, माहा हिशोब चुकला. मीटर लहान चाकाच्या मापाचा हाये. लहान चाकाले जिथं आठ फेरे लागते तिथं मोठ्याले सातच लागते. आपन दगडाइपरमानं जास्त चाललो, मीटरनं कमी सांगितलं. काल दगड मोजतानाच मले खटकलं होतं."

"मंग किती पडलं?" बाईंनी विचारलं.

"आठ," भाऊजी म्हणाले. "आठच पडते."

मी चहा गाळता गाळता मनात भागाकार केला. पावणेसाताचे ते पावणेआठ होत होते. मी मान वर करून बघितलं. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांचे कान लाल झाले होते. चारला की चारच्या सुमाराला, असं विचारणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात एवढा एकच हिशेब ढोबळ मांडला, आणि तो आईच्या बाजूनं मांडला.

बाईंना मात्र आठाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दुसरंच काही मनात फिरवत होत्या. म्हणाल्या, "म्हनजे हा मीटर चाकाचे फेरे मोजते. रस्ता नाही मोजत."

"हो."

"मंग तुहे बाबा गेल्यापासून मी इतकी वर्सं चालली, ते सारंच कमी मोजलं गेलं ना गा बापू?"

भाऊजींनी मान खाली घातली. "हो बाई. तू जास्त चालली. आमी समजत होतो त्याच्याहून बरीच जास्त."

"मले वाटतच होतं," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, वहाणा पायरीवर काढून ठेवल्या, आणि ताटलीतली किल्ली उचलून कमरेला खोचली.